ग्वाल्हेरच्या हवेत इलेक्ट्रिक गिटारचे पॉलिश कसे सांभाळावे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जनकगंजमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची कन्या महाविद्यालयात शिकते आणि लग्नसराईत व उत्सवांत एका वाद्यवृंदाबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवते. तिच्याकडे दोन गिटार आहेत. एक लाल, महोगनीची, नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पॉलिश असलेली. दुसरी काळी, आल्डर लाकडाची, जाड चकचकीत थराची. फेब्रुवारीत लाल गिटारच्या दर्शनी भागावर केसासारख्या बारीक आडव्या चिरा दिसू लागल्या. मे महिन्यात काळ्या गिटारच्या नेकच्या, म्हणजे लांब दांडीच्या, सांध्याजवळ दोन तडे गेले आणि पट्टा अडकवण्याच्या बटणापाशी पॉलिशचा टवका उडाला. आता श्रावणात लाल गिटारच्या पाठीवर पांढरट झाक आली आहे आणि नेकला जिथे स्टँड लागतो तिथे पॉलिश मऊ व चिकट झाले आहे. खोलीत दिवसभर एसी चालवावा का, चिरांवर पुन्हा लॅकर मारून घ्यावे का आणि पुढे कोणती काळजी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

आपण पाठवलेली छायाचित्रे मी नीट पाहिली. पहिल्यांदा धीर देतो की दोन्ही गिटारचे लाकूड शाबूत दिसते आणि जे बिघडले आहे ते वरच्या थरात आहे. मात्र आपण लिहिलेल्या खुणा एकाच रोगाच्या नाहीत, आणि त्यांवर एकच उपाय केला तर एक खूण जाताना दुसरी वाढेल. म्हणून आधी चीर वाचायला शिकावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. गिटार खिडकीशी न्यावी, उजेड तिरपा पडेल अशी धरावी आणि चिरा लाकडाच्या रेषांना आडव्या जातात की रेषांबरोबर जातात ते पाहावे. आडव्या, साधारण समांतर आणि नखाला न लागणाऱ्या चिरा बहुधा तापमानाच्या झटक्याने पडलेल्या असतात. रेषांबरोबर धावणारी किंवा दोन तुकड्यांच्या सांध्यावरून सरळ गेलेली चीर मात्र लाकूड फुगल्याची किंवा आकसल्याची, म्हणजे आर्द्रतेची असते. फेब्रुवारीतल्या आपल्या चिरा पहिल्या जातीच्या आहेत आणि मे महिन्यातले तडे दुसऱ्या जातीचे.

असे का घडते ते समजून घेतले की पुढची काळजी आपोआप सुचते. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. खोलीची आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास बराच काळ राहिली तर लाकडातले पाणी त्याच्या वजनाच्या सुमारे 6 टक्क्यांवर येऊन थांबते, 50 टक्क्यांला ते 9 च्या आसपास असते आणि 80 टक्क्यांला 16 पर्यंत चढते. लाकडातले पाणी एका टक्क्याने बदलले तर आडव्या रुंदीत आल्डर सुमारे पाव टक्का हलते, म्हणजे 32 सेंटिमीटर रुंदीच्या बॉडीत पाऊण मिलिमीटरच्या आसपास. महोगनी याहून कमी हलते, मेपल अधिक हलते. रेषांच्या लांबीच्या दिशेने मात्र लाकूड आर्द्रतेनेही जवळजवळ हलत नाही आणि तापमानानेही नाही. आता त्यावर बसलेला पॉलिशचा थर पाहा. तो ओलाव्याने फारसा हलत नाही, पण थंडी पडली की सगळ्या दिशांना आकसतो, आणि लाकडाच्या लांबीच्या मानाने कितीतरी पट अधिक आकसतो. थर लांबीत आकसू पाहतो, लाकूड त्याला सोडत नाही, आणि हा ताण झटक्यात आला तर थर ताणाला आडवा फुटतो. म्हणूनच थंडीच्या चिरा लाकडाच्या रेषांना काटकोनात पडतात.

तोच बदल सावकाश झाला असता तर थराला सैलावायला वेळ मिळाला असता. माझ्या इतक्या वर्षांच्या कामातून निघालेली सगळी काळजी याच एका गोष्टीभोवती फिरते. ग्वाल्हेरसारख्या गावात, जिथे मे-जूनमध्ये पारा 45 च्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे 4-5 अंशांवर उतरतो, तिथे बारा महिने एकच तापमान आणि एकच आर्द्रता राखणे कोणत्याही घराला परवडणारे नाही. बदल रोखता येत नाही, पण त्याचा वेग कमी करता येतो, आणि थराला तेवढे पुरते.

थराच्या जातीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आमच्या धंद्यात लाकडावरच्या शेवटच्या थराला, तो लाखेचा असो, लॅकरचा असो की पॉलिस्टरचा, सरसकट पॉलिश म्हणतात. पण त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. नायट्रोसेल्युलोज लॅकर केवळ थिनर उडून सुकते. त्यात कोणतीही रासायनिक बांधणी होत नाही, त्यामुळे ते वर्षांनंतरही आपल्या थिनरमध्ये विरघळते, नवा थर जुन्या थरात मुरतो आणि दुरुस्ती सुबक होते. पण त्याला लवचीक ठेवण्यासाठी मिसळलेले द्रव्य काळाबरोबर निघून जाते, थर ठिसूळ होतो आणि थंडीच्या झटक्याला जुने लॅकर नव्यापेक्षा लवकर फुटते. गिब्सन कंपनी अमेरिकेतल्या आपल्या गिटारांवर आजही हेच लॅकर वापरते. फेंडरने 1960 च्या दशकाच्या अखेरीस जाड पॉलिस्टरकडे मोर्चा वळवला, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गिटारांवर पॉलिस्टर किंवा पॉलियुरेथेन असते. हे थर रासायनिक क्रियेने घट्ट बांधले जातात, थिनरला दाद देत नाहीत आणि थंडीच्या झटक्याला सहसा फुटत नाहीत. पण पॉलिस्टरचा थर अर्धा मिलिमीटरपर्यंत जाड आणि काचेसारखा कडक असू शकतो. खालचे लाकूड हलले की तो वाकत नाही, कडांशी आणि भोकांशी टवके उडवतो. आपल्या काळ्या गिटारचे नेमके हेच झाले आहे.

आपल्या गिटारवर कोणता थर आहे याची शंका असेल तर कंपनीने दिलेली माहिती आधी पाहावी. ती नसेल तरच, पिकगार्डखाली, म्हणजे तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली, किंवा न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या काडीवर अगदी थोडे ॲसिटोन घेऊन टेकवावे. लॅकर लगेच मऊ पडते, पॉलिस्टर तसेच राहते. दर्शनी भागावर हा प्रयोग कधीही करू नये.

आता फेब्रुवारीच्या चिरांकडे येतो. आपली कन्या डिसेंबर-जानेवारीत मॅरेज गार्डनमध्ये वाजवते, असे आपण लिहिले आहे. ग्वाल्हेरची मॅरेज गार्डने उघडी असतात, वाद्यवृंद रात्री अकरानंतरही वाजत असतो आणि हिरवळीवरची हवा तेव्हा 6-7 अंशांवर आलेली असते. गिटार घरातल्या हीटरच्या खोलीतून, 22-24 अंशांतून, गिगबॅगमध्ये, म्हणजे कापडी पिशवीत, घालून मोटरसायकलवरून तिथे जाते आणि पोचताच उघडली जाते. पंधरा अंशांचा फरक काही मिनिटांत थरावर येतो. परत आल्यावर याच्या उलट घडते. थंड पडलेली गिटार उबदार खोलीत उघडताच तिच्यावर दव धरते. खोली 18 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेची असेल तर 10 अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमते, आणि 6 अंशांची गिटार त्यात सहज येते. हे पाणी नव्या चिरांमधून थराखाली शिरते. झटका आणि पाणी, दोन्ही एकाच रात्री.

यावरचा उपाय अगदी साधा आहे, फक्त त्याला धीर लागतो. गिगबॅगऐवजी लाकडी किंवा जाड फोमची कडक केस घ्यावी. कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचल्यावर केस मंचाजवळ, बंद अवस्थेत, निदान पाऊण-एक तास ठेवावी आणि मग उघडावी; बाकीची मंडळी ध्वनियंत्रणा जुळवत असतात तो वेळ नेमका यासाठी वापरता येतो. रात्री घरी परतल्यावर केस उघडूच नये. ती हीटरपासून दूर, आतल्या खोलीत तशीच ठेवावी आणि सकाळी उघडावी. तारा पुसायच्या राहिल्या म्हणून मुले घाईने केस उघडतात. वाजवून झाल्यावर तिथेच, केसमध्ये घालण्याआधी, गिटार पुसून घेतली की ही अडचण राहत नाही. हिवाळ्यात कुरिअरने आलेली गिटारही याच न्यायाने खोक्यासकट रात्रभर ठेवावी.

मे महिन्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तो मुख्यतः कूलरचा आहे. आपल्याकडे एप्रिलपासून लू, म्हणजे उष्ण कोरडे वारे, सुरू होते, दुपारी बाहेरची आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते, आणि घरोघरी खिडकीत कूलर बसतो. कूलर हवा थंड करतो तो पाणी उडवून, त्यामुळे त्याच्या झोतातली हवा थंड असते तशी चांगलीच दमटही असते. मी माझ्या कामाच्या खोलीत कूलर लावून हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारे यंत्र, समोर ठेवला होता. तासाभरात काटा 25 च्या खालून 65 च्या वर गेला, आणि लाइट गेल्यावर अर्ध्या तासात तो परत खाली येऊ लागला. म्हणजे ज्या खोलीत कूलर आहे तिथे गिटार दिवसातून दोन-तीन वेळा वैशाख आणि श्रावण दोन्ही भोगते, आणि झोत जर थेट अंगावर येत असेल तर पुढची बाजू ओलावा घेते, भिंतीकडची पाठ कोरडी राहते. आपल्या छायाचित्रात काळी गिटार खिडकीशेजारच्या भिंतीवर टांगलेली दिसते. कूलर त्याच खिडकीत असेल, तर नेकच्या सांध्यातले तडे कुठून आले याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्या सांध्यात नेकचे मेपल आणि बॉडीचे आल्डर अशी दोन वेगळ्या चालीची लाकडे चार स्क्रूंनी आवळलेली असतात, आणि दोहोंवर कडक थर चढलेला असतो. लाकडे आपापल्या गतीने हलली की थर तिथेच फुटतो.

मला कूलरविरुद्ध काहीच म्हणायचे नाही. पंचेचाळीस अंशांत माणसांनी राहायचे तर तो हवाच. गिटार मात्र त्या खोलीतून काढून शेजारच्या आतल्या खोलीत न्यावी. लष्करातल्या जुन्या घरांना वालुकाश्माच्या जाड भिंती आहेत, आणि घराच्या मधल्या खोलीचे तापमान दिवसभरात फार थोडे बदलते. अशा खोलीतली आतली भिंत, जिच्या दुसऱ्या बाजूला उन्ह लागत नाही, ही गिटार टांगण्याची घरातली सर्वांत चांगली जागा. पश्चिमेची भिंत, गच्चीखालची खोली आणि खिडकीची चौकट या तिन्ही जागा टाळाव्यात. ज्यांच्याकडे अशी मधली खोली नाही त्यांनी एप्रिल ते जून गिटार भिंतीवर न ठेवता केसमध्येच ठेवावी.

उन्हाळ्यात एक खूण पॉलिश फुटण्याच्या बऱ्याच आधी मिळते, ती ओळखायला कन्येला अवश्य शिकवा. नेकच्या कडेवरून तळवा हलकेच फिरवावा. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके टोचू लागली तर फिंगरबोर्डचे, म्हणजे त्या पट्ट्या बसवलेल्या फळीचे, लाकूड आकसले आहे आणि धातू तसाच राहिला आहे असे समजावे. बॉडीवर जाड थर असतो म्हणून ती उशिरा कोरडी होते, पण शिसमाचे उघडे फिंगरबोर्ड लवकर बोलते. टोके टोचू लागली की आठवडाभरात उपाय करावा, म्हणजे थरापर्यंत गोष्ट जात नाही. उपाय असा: साबणदाणीसारख्या झाकणाच्या छोट्या डबीला भोके पाडावीत, तिच्यात स्पंजचा तुकडा भिजवून घट्ट पिळून ठेवावा, इतका की उलटा धरला तरी थेंब पडू नये, आणि डबी केसमध्ये हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या, बाजूच्या रिकाम्या जागेत, पॉलिशला टेकणार नाही अशी ठेवावी. तीन-चार दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करावा. 49 टक्क्यांवर आर्द्रता धरणाऱ्या, दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या पुड्या बाजारात मिळतात. त्या घेता आल्या तर उत्तमच, कारण त्या कोरड्या हवेत ओलावा देतात आणि दमट हवेत शोषतात.

किती आर्द्रता हवी, याचे उत्तर इलेक्ट्रिक गिटारसाठी 40 ते 60 टक्के असे आहे. अकूस्टिक गिटारची बारीक पातळ फळी याहून अधिक काटेकोर सांभाळ मागते. भरीव बॉडीला थोडे इकडेतिकडे झालेले चालते. पण अंदाजाने काम करू नका, केसमध्ये एक लहान हायग्रोमीटर ठेवा. स्वस्त हायग्रोमीटर चुकीचा आकडा दाखवतात, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या मिठाने तपासून घ्यावा. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे, विरघळून जाऊ देऊ नये. बूच आणि हायग्रोमीटर एकाच घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून, पंख्याखाली किंवा उन्हात न ठेवता, रात्रभर तसेच सोडावे. ओल्या मिठावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी आकडा 70 दिसला, तर आपला हायग्रोमीटर पाच टक्के कमी दाखवतो एवढे लक्षात ठेवून पुढे चालावे.

आता सध्याच्या, श्रावणातल्या तक्रारी. पाठीवरची पांढरट झाक ही लॅकरने ओलावा धरल्याची खूण आहे. आपण रात्री एसी 22 वर लावता आणि सकाळी कन्या गिटार घेऊन व्हरांड्यात रियाज करते, असे लिहिले आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेची असेल तर 27 अंशांखालच्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमते. 22 अंशांची गिटार बाहेर नेणे म्हणजे फ्रिजमधला पेला बाहेर काढून ठेवण्यासारखे आहे. त्यात फेब्रुवारीच्या चिरा पाण्याला वाट देतात. पाठ पोटाशी लागते, घामही तिथेच लागतो. त्यामुळे झाक पाठीवर आली, पुढच्या भागावर आली नाही.

ही झाक घालवण्यासाठी हेअर ड्रायर किंवा ऊन अजिबात वापरू नका. गिटार कोरड्या, मऊ सुती कापडाने पुसून 45 ते 50 टक्के आर्द्रतेत आठ-दहा दिवस शांत राहू द्या. हलकी झाक बहुतेक वेळा आपोआप निघून जाते. राहिलीच, तर सावकाश उडणाऱ्या थिनरचा, ज्याला आमच्याकडे रिटार्डर म्हणतात, अत्यंत विरळ फवारा मारून लॅकर क्षणभर उघडावे लागते, म्हणजे अडकलेले पाणी बाहेर पडते. हे काम हातखंडा असलेल्यानेच करावे.

दिवसभर एसी चालवण्याच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. एसी हवा कोरडी करतो, पावसाळ्यात त्याचा उपयोगही होतो, पण दिवसात चार वेळा चालू-बंद होणारा एसी गिटारला बंद एसीपेक्षा वाईट. 26 वर किंवा ओलावा काढण्याच्या मोडवर काही तास नियमाने चालवावा, झोत गिटारवर येऊ देऊ नये, आणि गिटार एसीच्या खोलीतून बाहेर न्यायची असेल तेव्हा ती आधी केसमध्ये बंद करून मगच न्यावी, अर्ध्या-पाऊण तासाने उघडावी. दिल्लीहून वातानुकूलित डब्यातून येणाऱ्यांनीही ग्वाल्हेर स्टेशनवर उतरल्या उतरल्या केस उघडू नये.

ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनी पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते भरल्याचे कळते, आणि ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. पण गौरी-गणपतीनंतर हवा कोरडी होऊ लागली की त्या काढून टाकायला विसरू नका. सिलिका जेलला थांबणे ठाऊक नाही. ऑक्टोबरातही केसमध्ये पडून राहिले तर ते गिटारचे लाकूड मे महिन्यासारखे सुकवते. कपड्यांच्या सवयीने केसमध्ये डांबराच्या गोळ्या टाकणारी घरेही मी पाहिली आहेत. त्यांची वाफ काही प्लास्टिके मऊ करते आणि लॅकरच्या जवळ तिला थारा देऊ नये.

नेकवरच्या चिकट डागांचा हवेशी संबंध अर्धाच आहे. स्टँडवरचे काळे रबर आणि फोम मऊ ठेवण्यासाठी त्यात जे द्रव्य घातलेले असते ते नायट्रो लॅकरमध्ये झिरपते आणि लॅकर मऊ करते. उष्णतेत हे झिरपणे जलद होते, इतकेच. रेक्झिनचा पट्टा केसमध्ये गिटारवर गुंडाळून ठेवला तरी तसेच डाग पडतात. लॅकरला चालेल असे ज्यावर लिहिले आहे तोच स्टँड घ्यावा, आणि तोवर रबरावर जुन्या सुती धोतराचे दोन-तीन वेढे देऊन ते वारंवार बदलावेत. उपाय म्हणून हे कापड तात्पुरतेच आहे, कारण द्रव्य त्यातूनही कालांतराने पार जाते. पॉलिस्टरच्या काळ्या गिटारला या रबराची भीती जवळजवळ नाही.

पुसण्याबाबत थोडक्यात. मलमलीचे किंवा अनेकदा धुतलेले सुती कापड कोरडेच वापरावे. चिकट मळ नॅप्था, म्हणजे लायटरमध्ये भरतात ते द्रव्य, कापडावर थोडे घेऊन काढता येतो. ते लॅकरला विरघळवत नाही. हाताला लावायचे सॅनिटायझर आणि डीट असलेले डासांचे मलम मात्र लॅकर खरोखर विरघळवतात, आणि पावसाळ्यात हात तसेच गिटारवर जातात. सिलिकॉनचे चमक आणणारे फवारे वापरू नयेत. चिरांमधून सिलिकॉन लाकडात उतरले तर पुढे कोणीही त्यावर नीट लॅकर मारू शकत नाही, थराला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

बंद मोटारीचा उल्लेख करावाच लागेल. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान 60 अंशांच्या वर जाते. त्या उष्णतेत लॅकर मऊ पडून केसच्या मखमलीची नक्षी त्यावर उमटते आणि सांध्यांतला सरस ढिला होऊ लागतो. बाड्यावर, म्हणजे बाजाराच्या चौकात, पाच मिनिटांचे काम आहे म्हणून गिटार गाडीत सोडून जाणाऱ्या एका तरुणाची गिटार मी पाहिली. पाठभर मखमलीचे ठसे होते, आणि ते काढण्यासाठी पाठीवरचा सगळा थर पुन्हा चढवावा लागला.

आता दुरुस्ती. काळ्या गिटारच्या सांध्यातले तडे लाकडात आहेत की फक्त थरात, ते नेक काढल्यावर सांध्याच्या उघड्या लाकडात पाहून ठरेल. बहुतेक वेळा ते थरातच असतात, आणि पातळ सायनोॲक्रिलेट, ज्याला आपण सुपरग्लू म्हणतो, तड्याच्या तोंडाशी टेकवले की ते स्वतः आत ओढले जाते. बटणापाशी उडालेला टवका जपून ठेवला असेल तर तोच परत चिकटवता येतो, म्हणून घरात शोधून एखाद्या डबीत घालून ठेवा. नसेल तर त्या जागी सुपरग्लूचे थेंब एकावर एक सुकवत भरून, पात्याने खरवडून, 800 पासून 2000 नंबरच्या पॉलिशपेपरपर्यंत घासून चमक आणता येते. त्या वेळी स्क्रूच्या भोकाच्या तोंडाशी असलेला थर किंचित रुंद कापून घ्यावा, म्हणजे स्क्रू आवळताना तो थराला वर उचलत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथून नवा तडा जात नाही. कंपन्यांनी ही किरकोळ काळजी घेतली असती तर माझ्याकडे येणारे निम्मे टवके उडालेच नसते, असे मला वाटते.

लाल गिटारच्या आडव्या चिरांवर लॅकर मारून घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या चिरांनी आवाज बिघडत नाही, लाकूड उघडे पडत नाही, आणि नायट्रो लॅकरच्या जुन्या गिटारवर अशा चिरा असणे वाद्यप्रेमी दोष मानत नाहीत. वरून नवा थर दिला तर जुना थर त्यात मुरेल, चिरा काही काळ मिटतील, पण मूळ थर कायमचा जाईल आणि गिटारची किंमतही उतरेल. चिरांच्या कडा उचलल्या जाऊन पापुद्रे सुटू लागले तरच, आणि तेवढ्याच जागी, काम करावे.

त्यातही श्रावणात तर मुळीच नाही. लॅकर फवारले की थिनर झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतले पाणी त्या ओल्या थरात जमून सगळे पांढरे पडते. काम शिकत असताना एका पावसाळ्यात ग्राहकाच्या घाईपायी मी एक गडद निळी बॉडी फवारली होती. दहा मिनिटांत तिच्यावर राख फासल्यासारखा थर चढला आणि तो पूर्ण उतरवून कार्तिकात सगळे काम नव्याने करावे लागले. तेव्हापासून आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर असताना मी स्प्रे गन हातात घेत नाही. ग्वाल्हेरात लॅकरचे काम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ओलावाही असतो आणि थंडीने थर नीट पसरतही नाही.

म्हणून तूर्त एवढेच करा: लाल गिटार कोरडी पुसून, तपासलेल्या हायग्रोमीटरसह केसमध्ये ठेवा, जुना स्टँड बाजूला काढा, नेकच्या चिकट भागाला हात लावू नका, आणि काळी गिटार खिडकीजवळून आजच हलवा. दसऱ्यानंतर दोन्ही गिटार एकदम घेऊन या. लाल गिटारच्या नेकवरचा मऊ भाग तोपर्यंत किती कडक झाला आहे ते पाहूनच तो खरवडायचा की तसाच ठेवायचा, हे मला ठरवता येईल.